शनिवारची करवत

काकू : वाचलं मी पाटीवरचं. तीनदा वाचलं. अक्षरं मोठी सुरेख काढलीत. पण माझ्या मुलाला तू अर्ध्या ओळीत उरकलंयस.

चक्री : काकू, भिंतीवर जागा तेवढीच होती. उद्या नवीन दुकान बघायला लोक येणार, त्यांना थोडक्यात लागतं.

काकू : 'एका उंच मित्राच्या मापाची सायकल बाजारात मिळेना, म्हणून आमच्या मालकांनी ती स्वतःच्या हातांनी बनवली, आणि या कंपनीचा जन्म झाला.' झालं? शाळेला दांड्या मारून दोघं घाट चढायचात, सायकलीशिवाय तुम्हाला दुसरं काही सुचायचं नाही, तुला चक्री हे नाव त्यानंच ठेवलं. त्याच्या पँटी शिवताना मला दर वेळी कापड कमी पडायचं. सगळं गाव त्याला लांब्या म्हणायचं, तेवढं तरी लिहायचंस.

चक्री : लिहितो. आजच बदलून घेतो.

काकू : आणि त्याच सायकलीवरून तो गेला, ते कुठे आहे?

चक्री : उद्याच्या दिवशी ते कसं लिहायचं, काकू? फीत तुमच्याच हातून कापायची आहे.

काकू : कापते की. शिवणकामात जन्म गेला, कात्रीला मी घाबरत नाही. पण आज त्यासाठी नाही आले. तुझ्या काकांचा निरोप आहे.

चक्री : बरे आहेत ना काका?

काकू : बरे म्हणजे काय. जेवतात, झोपतात. आख्ख्या गावाची शिलाई मशीनं दुरुस्त करणारा माणूस घरात बसलाय, आणि माझ्या मशीनचा पट्टा सुटला की मी परक्याला बोलावते. अकरा वर्षांत पान्ह्याला हात लावलेला नाही. तुला काय नवीन सांगायचं.

चक्री : माहीत आहे.

काकू : त्या सकाळी लांब्याचे ब्रेक त्यांनीच आवळून दिले. दहा मिनिटांचं काम. आणि संध्याकाळी दवाखान्यात तू म्हणालास, पुढचा ब्रेक अडकला असणार, म्हणून उतारावर तो तोंडावर गेला. ते तुझ्या मागेच उभे होते.

चक्री : माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, काकू.

काकू : कुणाचं होतं? मी तुला दोष द्यायला आलेली नाही. आता त्यांचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणाले, वर्षभर दिसलं तरी खूप. तर ते म्हणतात, दिसतंय तोवर तो ब्रेक एकदा हातात घेऊन बघायचाय. आपलं नेमकं काय चुकलं ते. ती सायकल दे मला.

चक्री : ती भंगारात गेली. तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला.

मिस्त्री : माळ्यावर आहे.

चक्री : मिस्त्री.

मिस्त्री : पत्र्याच्या पेटीमागे, गोणपाटात. छप्पर गळत होतं तेव्हा मीच हलवली. दोनदा.

काकू : तुम्ही कोण?

मिस्त्री : इथला मिस्त्री, ताई. पितळेचा डाख देऊन लोखंडी नळ्या कशा जोडायच्या ते हा माझ्याकडे शिकला. आता मी याच्याकडे नोकरीला.

काकू : मग आणा खाली.

चक्री : नको काकू. तुम्हाला बघवणार नाही.

काकू : मी त्याला बघितलंय. सायकलीचं काय घेऊन बसलास?

मिस्त्री : आणतो. त्या बादलीत हात घालू नका, ताई. कडा लागतील.

काकू : हे कसले तुकडे रे? रंग तर कोरा करकरीत आहे.

चक्री : दर शनिवारी एक तयार सायकल बाजूला काढायची आणि तिचा चिमटा उभा कापायचा. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारे ते दोन पाय. वर ते एका लोखंडी टोपीत बसतात, तिथं जोडात आतपर्यंत पितळ गेलंय का ते बघायचं.

काकू : विकायला तयार असलेली सायकल कापायची?

चक्री : हो. कुठलीही एक. डोळे मिटून हात ठेवायचा.

काकू : हे कधीपासून?

चक्री : कंपनी सुरू झाली तेव्हापासून.

काकू : कुठंतरी चांगलं पोळल्याशिवाय माणूस असले नियम करत नाही.

(मिस्त्री गोणपाट सोडून सायकल जमिनीवर आडवी ठेवतो. पुढचं चाक दोन पायांसकट वेगळं ठेवतो.)

काकू : चाक असं सुटं का?

मिस्त्री : तुम्हाला ब्रेक बघायचा होता ना, ताई? तो इथंच आहे, सांगाड्याला राहिलेल्या टोपीवर. दाबून बघा.

काकू : दाबला. मिटला. सोडला की उघडतोय. तार गंजलीय, पण अडकत तर नाही कुठं.

मिस्त्री : घट्ट नाही, सैल नाही. इतका नेमका ब्रेक माझ्याच्यानंही बसत नाही.

काकू : मग अडकला कसा म्हणता? थांबा. हा एक पाय मोडलाय. आणि हा मोडलेला नाही, हा टोपीतून निसटलाय. टोकाला वर पिवळी कड आहे, आत सगळं काळं. कोरडं. मिस्त्री, टाका वरच्यावर गेलाय हा. खालचं कापड धरलेलंच नाही. बाहेरून बघणाऱ्याला शिवण पक्की दिसते, अंगात घातली की उसवते.

मिस्त्री : बरोबर ओळखलंत.

काकू : कुणी केलाय हा जोड?

मिस्त्री : मी सांगणार नाही. अकरा वर्षं मी त्याला विचारलं नाही, हे माझंही पाप. पण सांगायचं ते त्यानं.

काकू : चक्री.

चक्री : मी केला.

काकू : पूर्ण बोल.

चक्री : पितळ उष्णतेच्या मागे जातं, काकू. आत जायला हवं असेल तर आग आतल्या अंगाला धरायची. त्याआधी नळीचं तेल घासून काढायचं, नाहीतर पितळ चिकटत नाही. मिस्त्रींनी सगळं शिकवलं होतं. मी बाहेरून आरशासारखं घासलं, आणि मला दिसत होतं तिथंच आग धरली. कडेला पितळ चमकलं, मला वाटलं जमलं. कानस मारली. इतकी सुरेख कड बसली की नुसता हात फिरवत बसलो. मिस्त्री म्हणाले, असाच दुसरा जोड कर, तो कापून बघ, मग त्याला बसव सायकलीवर.

मिस्त्री : शनिवार होता.

चक्री : शनिवार होता. रविवारी घाटात जायचं ठरलेलं. मी कापला नाही. रंग दिला.

काकू : आणि दवाखान्यात ब्रेक कुठून आला?

चक्री : डॉक्टरांनी विचारलं, कसा पडला. मी सायकल बघितली होती. मला सगळं कळलं होतं. तोंडातून ब्रेक निघून गेलं.

काकू : उचलली जीभ लावली टाळ्याला.

चक्री : ब्रेक आदल्या रात्री मीच बसवले होते. मला वाटलं, बोल लागलाच तर माझ्याच ब्रेकला लागेल, तेवढा सोसेन. काकांनी सकाळी ते आवळलेत हे तेव्हा ठाऊक नव्हतं, देवाशपथ.

काकू : नंतर कळलं ना?

चक्री : महिन्यानं. तुम्हीच सांगितलंत.

काकू : म्हणजे उरलेली सगळी वर्षं तू गप्प राहिलास. पाचशेच्या वर चिमटे कापून आत बघितलंस, आणि स्वतःचं एक तोंड उघडता आलं नाही तुला.

चक्री : वाटलं, पुन्हा कुणाची सायकल अशी सुटणार नाही एवढं बघितलं तर फेड होईल.

काकू : कुणाची फेड? ते भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. मध्येच हवेत बोटं वळवतात. मला विचारतात, मी दीड फेरा आवळला होता का गं, की दोन? मी काय सांगू? आधी म्हणायची, दीड. मग मी म्हणायला लागले, गप्प बसा. माझ्याही मनात होतं रे, दोन आवळले असतील. त्यांच्या ताटात वाढताना मनात असायचं.

चक्री : काकू, मी ही पाटी काढतो. उद्याचं सगळं बंद ठेवतो. पोलिसांकडे जा म्हणालात तर तिथंही जातो.

काकू : पाटीचं आणि पोलिसांचं तू ठरव. मला आत्ता तुझ्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतायत. आणि तू लांब्याच्या शेजारी बसून माझ्या घरी जेवलेला पोरगा आहेस. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्याचं मी काय करू?

मिस्त्री : ताई, खुर्ची घ्या.

काकू : नको. तो ब्रेक सोडवून द्या. तारेसकट.

मिस्त्री : हा घ्या.

चक्री : मी येतो घरी. आत्ताच येतो. काकांना मीच सांगतो.

काकू : घरी कशाला? फाटकाबाहेरच्या बाकावर बसलेत. आत चला म्हटलं तर येईनात. म्हणाले, माझ्यामुळे त्या पोराचा मित्र गेला, त्याला तोंड कसं दाखवू?

चक्री : असं म्हणाले?

काकू : दर वेळी म्हणतात. जा, हा ब्रेक तूच ने. आणि उजव्या बाजूला बस. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही.