वाघिणीवरची लाकडं

आमच्या कोनाड्यात खेळण्यातल्या मालगाडीची ती छोटी उघडी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, आहे ना, तिच्यावरची लाकडं मी का सोडत नाही, असं तुम्ही नेहमी विचारता. तर ऐका.

मुलगी बघायला मी मामांबरोबर इगतपुरीला गेलो होतो. मी तोंडच उघडत नाही म्हणून आधी दोन ठिकाणी नकार आला होता. इथे मुलीचे वडील मालगाडीचे गार्ड, घरातही चावीची आगगाडी मांडून बसलेले.

"काम काय करता?"

"मालधक्क्यावर माल बांधतो."

"मग हा बांधा." त्यांनी गाडीची उघडी वाघीण, बाभळीच्या काटक्या आणि दोरा पुढे सरकवला.

बोलण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी जीव लावून बांधलं. गाडी सुटली. वळणावर वाघीण कलंडली, पण एक काटकी हलली नाही.

"शाबास. आता माल उतरवा."

गाठी मलाच सुटेनात. त्यांनाही सुटेनात. मामांनी कपाळाला हात लावला.

"कमल, कात्री आण गं."

कमल रिकाम्या हातांनीच दारात आली. खाली बघत म्हणाली, "कापू नका, बाबा. जाताना मी नेईन तशीच."

तेव्हा कुठे मामांनी पोह्यांना हात लावला.