जाळीआडचं पातं

(सांगलीतलं विजेच्या सामानाचं दुकान, १९४६. विकायला उभा शरच्चंद्र, नुकताच बी.एस्सी. झालेला. समोर ब्रह्मदेशाच्या लढाईतून परतलेला कृष्णात आणि त्याची बायको राहीबाई.)

शरच्चंद्र : वहिनी, तो साबण पिशवीतच राहू द्या. हे यंत्र कोरड्या गालावर चालतं.

राहीबाई : अगं बया! पान्याबिगर दाढी?

कृष्णात : कोरेगावपास्नं तांब्या बी घिऊन आलीया ही.

शरच्चंद्र : पातं या जाळीच्या आत पुढंमागं पळतं. केस भोकातून आत शिरतो आणि तिथंच कापला जातो. पातं कातडीला लागत नाही.

राहीबाई : आन हात हालला तर?

कृष्णात : राही...

राहीबाई : इचारू द्या की. बाँब पडल्यापास्नं ह्यांचा हात थरथरतोय, दादा. रोज सकाळी मीच दाढी करती. मिल्ट्रीची सवय, एक दीस चुकत न्हाई. आता मी बाळंतपनाला माहेरी म्हसवडला निघाले. मग?

शरच्चंद्र : गावात न्हावी असेल की.

कृष्णात : आठ दिसांनी येतो. बाकीचे दीस खुटं घिऊन फिरू व्हय? आन माजी मला करायचीया.

शरच्चंद्र : गावात वीज आहे?

कृष्णात : न्हाई. पर मी पिठाच्या गिरनीचं इंजिन चालवतो. त्येच्यावर डायनामो हाय. डीसी.

शरच्चंद्र : शाबास! शिकलेली गिऱ्हाइकंसुद्धा हे सांगत नाहीत. मग हे स्वस्तातलं नको. ते फक्त एसीवर चालतं, डीसीवर जागच्या जागी तापून जळेल. हे मोटरचं घ्या, दोन्हींवर चालतं.

राहीबाई : दळनाच्या बायकांम्होरं दाढी करनार?

कृष्णात : येडी का काय! इंजिन सुरू केलं की घटकाभर मोकळंच पळवावं लागतं. बायका मागनं येत्यात.

शरच्चंद्र : धरा. दाबू नका, नुसतं टेकवा.

राहीबाई : भुंग्यावानी गुनगुनतंय की! आवं, हनुवटीखाली राह्यलं.

कृष्णात : गप. कळतंय मला.

शरच्चंद्र : बघा, एक ओरखडा नाही.

कृष्णात : हे तर माज्यापरीस लय थरथरतंय, गड्या!

शरच्चंद्र : कितीतरी पटीनं. तुमची थरथर त्याच्यापुढं काहीच नाही.

कृष्णात : कुनाच्या डोक्यातनं निघालं आसंल हे? लढाईत लय यंत्रं बघितली. आसलं न्हाई बघितलं.

राहीबाई : हात लावू? ...मी करती त्यापरीस गुळगुळीत झालीया दाढी.

कृष्णात : द्या बांधून, साहेब.

राहीबाई : गिरनी इतवारी बंद असती न्हवं?

कृष्णात : असती की.

राहीबाई : मग बाळाला घिऊन आले की इतवारची मी करीन.