अकरा शिवकृपा

(घाटकोपर. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं ऑफिस, शनिवार दुपार. तक्रारी घेणाऱ्या वसुधाताई आणि सॉफ्टवेअर बसवून देणारी गंधाली एकाच स्क्रीनसमोर.)

गंधाली : हे बघा ताई, परत टाकते. ‘शिवकृपा’. मेकॅनिकच्या मोबाइलवर काय येतं? शिवकृपा, शिवकृपा, शिवकृपा. अकरा वेळा. त्याने यातली आपली बिल्डिंग ओळखायची कशी?

वसुधा : ओळखायची कशाला? मला फोन करायचा. बावीस वर्षं तेच करतायत.

गंधाली : तो फोन करावा लागू नये म्हणून तर मालकांनी हे घेतलं ना.

वसुधा : थांब जरा, चंदरचा फोन आहे. बोल रे.

चंदर : ताई, ती ‘सागरदर्शन’ मुलुंडची की भांडुपची?

वसुधा : मुलुंडची. खाली पिठाची चक्की आहे बघ, तिच्या बाजूने आत शीर. जेवलास का?

चंदर : वडापाव मारला.

वसुधा : त्याला जेवण म्हणतात? मालनचा पाय काय म्हणतोय?

चंदर : सोमवारी प्लास्टर काढतायत. ठेवतो ताई, लोक बोंबलतायत इथे.

वसुधा : ठेव, ठेव. आणि सोमवारी रिक्षाने ने तिला, बाइकवर नको.

गंधाली : असे किती येतात दिवसाला?

वसुधा : चाळीस कुठे गेले नाहीत. डोकं उठतं.

गंधाली : उठलेलं दिसलं नाही मला. आवाज केवढा खुलला तुमचा.

वसुधा : तू तुझं काम कर बाई.

गंधाली : तेच करतेय. आणि तेच कळत नाहीये. जूनमध्ये हे मीच सेट केलं होतं. बिल्डिंगच्या नावापुढे विभाग, त्यापुढे जवळची खूण. तुम्हीच मला एकेक खूण सांगत होतात, देऊळ काय, चक्की काय, दोन दिवस बसलो होतो आपण. आता नुसतं नाव राहिलंय. बाकीचे दोन कॉलम गेले कुठे?

वसुधा : कॉम्प्युटरचं काय सांगावं. गेले असतील.

गंधाली : आपले आपण जात नाहीत ते. कोणी काय बदललं त्याची नोंद राहते. हे बघा, बारा ऑगस्ट, सकाळी सव्वाअकरा. विभाग काढला. पुढच्या मिनिटाला खूण काढली. लॉगिन... ताई, हे तुमचं लॉगिन आहे.

वसुधा : चुकून हात लागला असेल.

गंधाली : चुकून एक जाईल. दोन काढून, सेव्ह करून, सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायचं बटण चुकून नाही दाबत कोणी.

वसुधा : हुशार आहेस.

गंधाली : ताई, मला सोमवारी रिपोर्ट द्यायचाय. गुरुवारी जे झालं त्यावर. मालक म्हणाले, सॉफ्टवेअरचा दोष असेल तर तसं लिहा, नसेल तर मेकॅनिक कृणालचा निष्काळजीपणा. त्याला घरी बसवायचं ठरलंय त्यांचं.

वसुधा : कृणालला? त्याचं लग्न होऊन तीन महिने नाही झाले.

गंधाली : मला नक्की काय झालं ते तरी सांगा. मला फक्त एवढं कळलंय की कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं.

वसुधा : भांडुपच्या शिवकृपात. शेवंतीबाई म्हणून आहेत, मच्छी विकून घरी चालल्या होत्या. दुसऱ्या न् तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. पंचाहत्तरीची बाई, एकटी, आत दिवा नाही. कृणाल गेला घाटकोपरच्या शिवकृपात. तिथला वॉचमन म्हणतो, आमची लिफ्ट मस्त चाललीये. तिथून भांडुपला पोचेपर्यंत सव्वा तास. बाहेर काढली तेव्हा बोलता येत नव्हतं तिला. एक रात्र ठेवलं हॉस्पिटलात. आता बरी आहे, मी जाऊन आले.

गंधाली : पण त्याने तुम्हाला फोन का नाही केला?

वसुधा : केला होता.

गंधाली : मग?

वसुधा : चार वेळा केला. बिझी लागला. शेवटी यादीत पहिली होती ती शिवकृपा धरून गेला बिचारा. तिथून लावला तेव्हा कुठे लागला.

गंधाली : दुसरी तक्रार चालू होती?

वसुधा : कसली तक्रार. चंदरशी बोलत होते. त्याचं काम दोन मिनिटांत झालं होतं. मीच त्याला धरून ठेवलं. ओल्या बोंबलांचं कालवण कसं करायचं ते सांगत होते. त्याने विचारलंसुद्धा नव्हतं.

गंधाली : ताई...

वसुधा : ऐक आता, सुरुवात केलीये तर. जूनमध्ये तू हे लावून गेलीस. झकास चाललं, दृष्ट लागावी असं. पहिल्या आठवड्यात वीस फोन, मग पाच, जुलैमध्ये दिवसच्या दिवस एक नाही. टेबलावर मोबाइल ठेवून बघत बसायचे. एकदा वाटलं बिघडला, म्हणून पलीकडच्या टेबलावरच्या हेमांगीला म्हटलं, मला एक फोन लावून बघ गं. लागला. चांगला होता फोन.

गंधाली : घरी कोण असतं तुमच्या?

वसुधा : कोणी नाही. हे गेले त्याला तीन वर्षं होतील. मुलगा अनय कॅनडात, तो मेसेज करतो. घरी गेल्यावर माझ्या तोंडातून शब्द निघतो तो दुसऱ्या दिवशी इथे आल्यावर. म्हणून काढले ते कॉलम. वाटलं होतं, फार तर पोरं पाच मिनिटं उशिरा पोचतील. म्हातारी बाई अंधारात बसेल हे नव्हतं गं मनात आलं.

गंधाली : मी असं लिहू शकते, की अपडेटमध्ये कॉलम उडाले. आमच्याकडे होतं असं कधीकधी. ना कृणाल, ना तुम्ही.

वसुधा : नको. तुझी नोकरी नवी आहे. माझं नाव लिही, तारीख लिही. काय करायचं ते करतील. रिटायर व्हायला दीडच वर्ष राहिलंय माझं.

गंधाली : नक्की?

वसुधा : लिही म्हटलं ना. आणि ते दोन्ही कॉलम लाव परत. विभाग नावाच्याही आधी घे, पोरं घाईत पहिलाच शब्द वाचतात.

गंधाली : लावले. आता टाका शिवकृपा.

वसुधा : भांडुप, शिवकृपा, दत्तमंदिरासमोर. घाटकोपर, शिवकृपा, शाळेमागे. दिसतंय सगळं स्वच्छ. आता मला कोण विचारतंय.

गंधाली : एक सेटिंग राहिलंय. शोधून काहीच सापडलं नाही, तर खाली कुणाचा तरी नंबर दाखवता येतो. तुमचा घालू?

वसुधा : नको. हेमांगीचा घाल. ती दोन वाक्यांत फोन ठेवते.

गंधाली : रविवारी ऑफिस बंद असतं ना? रविवारी वेगळा नंबर दाखवता येईल.

वसुधा : रविवारी... रविवारी सापडलं नाही असं कितीदा होईल?

गंधाली : महिन्यातून एखाद-दोनदा. नवी बिल्डिंग असली तरच.

वसुधा : मग रविवारचा माझा घाल. कामाचं तेवढंच बोलेन.

गंधाली : तसं नाही ताई. सुट्टीचा दिवस तुमचा, उगाच त्रास.

वसुधा : घाल गं. रविवार फार मोठा असतो.