लाल चार्जरपुढची पाटी

ओहायोतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आपली लाल ‘चार्जर’ मोटार उभी करून हार्लन हॉटडॉगच्या रांगेत उभा होता. मागे एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“अहो, त्या लाल चार्जरपुढची पाटी वाचलीत? मालकाच्या भावानं नवी घेतली आणि अडुसष्टच्या मे महिन्यात तो व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला. मला तर रडूच आलं.”

“अगं, अडुसष्टच्या चार्जरला मागे गोल दिवे असायचे. हिला लांब पट्ट्या आहेत. ही एकोणसत्तरची. मे महिन्यात ती बाजारातही नव्हती.”

“म्हणजे थाप?”

“भाऊ तरी खरंच गेला असेल गं. जाऊ दे.”

“कसलं जाऊ दे! मेलेल्या भावाच्या नावावर मिरवायचं?”

हार्लनचे कान तापले.

“काय हो, तुम्ही कुठली गाडी आणलीत?” बाईंनी त्यालाच विचारलं.

“मी? छे, मी नुसता बघायला आलोय,” तो मागे न वळता म्हणाला.