नंबरप्लेटखालचं तेल

(घरामागची शेड. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी, बॉनेट उघडं. निवृत्त सर गाडीच्या डाव्या अंगाला, इंजिनाकडे तोंड करून स्टुलावर बसलेत. पाना, म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी आणि आताचा गॅरेजवाला, इंजिनात वाकलाय. काकू, सरांच्या पत्नी, मागच्या दारात.)

सर : म्हणजे पॅकिंगच. पहिल्या दिवसापासून मी हेच सांगतोय.

पाना : सर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. मग खालच्या तेलाच्या चेंबरचं बदललं. मग तुम्ही म्हणालात क्रँकचं सील, तर अख्खा गिअरबॉक्स उतरवून तेही बदललं. आता या गाडीत जुने असे आपण दोघेच उरलोय.

सर : तरी खाली तेल आहे.

पाना : आहे.

सर : म्हणजे गळतंय.

पाना : तिथेच तर घोडं अडलंय. गळून गेलेलं दिसतं, गळताना दिसत नाही.

काकू : चहा टाकलाय. नेहमीसारखा गारच प्यायचा असेल तर तसं सांगा, निवांत गाळते.

सर : अगं, सोमवार तोंडावर आलाय. लेकीची नवी नोकरी सुरू होतेय, नातीला शाळेतून आणायचं मी कबूल केलंय. गाडी अशी आहे, आणि माझा नियम तुला ठाऊक आहे.

काकू : लग्न झाल्यापासून ऐकतेय.

सर : गाडीखाली तेलाचा थेंब असेल, तर गाडी फाटकाबाहेर जात नाही.

पाना : पहिल्या दिवशी आम्हाला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नव्हता. आधी खाली वाकून बघा म्हणे. मी नवी कोरी पँट घालून आलो होतो.

सर : म्हणून तर आज गॅरेज काढून बसलायस. ते राहू दे. काल पावडर टाकली होतीस, तिचं काय झालं?

पाना : इंजिन धुतलं, पुसलं, वाळवलं, आणि काकूंचा पावडरचा डबा अख्खा त्याच्यावर रिकामा केला. नंतर बराच वेळ जागच्या जागी चालू ठेवलं. जिथून तेल झिरपतं तिथली पावडर काळी पडते, असा हिशेब.

सर : मग कुठे काळी पडली?

पाना : कुठेच नाही. गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखं बसलंय बघा, पांढरंफेक. खालून आरसा धरून पाहिलं, तरी तेच.

सर : आणि आतलं तेल?

पाना : डिपस्टिकवर खूण केली होती. केसभरही खाली गेलेलं नाही.

सर : आणि जमिनीवर?

पाना : जमिनीवर रोजच्याइतकं. वाटीभर.

काकू : जुनी गाडी आहे.

सर : जुनी असली म्हणून काय झालं? वाटीभर बाहेर आलं, तर आत वाटीभर कमी पडायला हवं. मी सांगतो काय ते. डाग चेंबरच्या बरोबर खाली आहे की नाही? म्हणजे तेल सोडायचा ड्रेन प्लग. त्याचं वॉशर गेलंय.

पाना : चेंबरच्या खाली, सर?

सर : इथे समोरच तर बसलोय मी. बरोबर चेंबरच्या खाली. रोज तिथेच असतो.

पाना : बरं.

सर : बरं काय? कपाटात तांब्याची वॉशरं आहेत. थांब, मीच आणतो, तुला सापडायची नाहीत.

काकू : अहो, डावीकडे बादली आहे.

सर : माहीत आहे मला.

काकू : आता झाली माहीत.

पाना : लागलं का, सर?

सर : वाटेत बादली कोणी ठेवली ही?

काकू : तुम्हीच. काल.

सर : मग बाजूला करायची नाही का कोणी. आलोच मी.

पाना : काकू.

काकू : काय रे?

पाना : गेले का आत?

काकू : गेले. कपाट उघडलं म्हणजे आता सगळे खण उपसणार. काय झालं?

पाना : काल जाताना मी गाडी हातभर मागे ढकलली. बॉनेट भिंतीला घासत होतं म्हणून.

काकू : बरं केलंस.

पाना : गाडी मागे गेली. डाग मात्र आज सकाळी जुन्याच जागी पडलाय. आता त्या डागाच्या वर काय आहे बघा. नंबरप्लेट.

काकू : असं का?

पाना : या धंद्यात मी काय काय गळताना बघितलंय. नंबरप्लेट गळताना नाही बघितली.

काकू : जुनी गाडी आहे.

पाना : आणि तो कोपऱ्यातला जळक्या तेलाचा डबा. मीच भरून ठेवला होता, बिजागऱ्यांना होईल म्हणून. मघाशी उचलला तर हातात नुसता वाजला.

काकू : बिजागऱ्या फार करकरतात.

पाना : एवढ्या तेलात राजवाड्याची दारं झाली असती, काकू.

काकू : तू चहा घे.

पाना : चहा घेतो. पण माझीही बाजू बघा. रस्त्यात जो भेटतो तो विचारतो, सरांची गाडी झाली का रे. सरांच्या हाताखालचा माणूस आणि त्याला सरांचीच गळती सापडेना. मला स्वप्नात ऑइल सील दिसतात. बायको म्हणते, झोपेत तू पाने मागतोस. आणि तुम्ही इथे खुशाल वाटीने...

काकू : वाटीनेच. रोज सकाळी, ते उठायच्या आत. मोजून ओतते. जास्त ओतलं तर घाबरून इंजिन खोलायला लावतील, तुलाच त्रास.

पाना : माझी फारच काळजी घेतलीत.

काकू : चिडू नकोस. चुकलंच आहे माझं.

पाना : पण का, काकू?

काकू : मध्ये एकदा आम्ही बाजारातून येत होतो. वळणावर डावीकडून सायकल आली. एक बाई होती, मागे पोर बसलेलं. मी ओरडले. ती बिचारी कशीबशी फुटपाथवर चढली. यांनी गाडी हळूसुद्धा केली नाही. मलाच म्हणाले, ओरडतेस कशाला, रस्ता मोकळा आहे.

पाना : मोकळा?

काकू : मोकळा म्हणाले रे. मला आरशात ती बाई दिसत होती, एक पाय टेकून उभी. आणि हे आपले छान गाडी चालवतायत.

पाना : मग सांगायचं त्यांना.

काकू : सांगितलं नसेल का? डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे मला कोसभरावरचा ट्रक दिसतो. दिसतच असेल. ट्रक समोरून येतो. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. निम्म्या गावाला यांनी गाडी शिकवली, आणि बायकोने उठून म्हणायचं, तुम्हाला दिसत नाही. त्यात आता नातीला रोज शाळेतून आणायचं. ती डाव्या बाजूलाच बसणार, खिडकीशी. मला भीती वाटते रे.

पाना : म्हणून तेल.

काकू : बायकोचं ऐकत नाहीत, नियमाचं ऐकतात. म्हटलं, नियमच सांगू दे त्यांना.

पाना : आणि सोमवारी?

काकू : सोमवारीही गळेल.

पाना : सोमवारी नाही चालणार, काकू. त्यांनी शेजारची गाडी मागून ठेवलीय.

काकू : कोणी?

पाना : सरांनी. ही सोमवारपर्यंत झाली नाही तर तीच घेऊन जाणार. मला म्हणाले, हिला सांगू नकोस, उगाच काळजी करत बसेल.

काकू : ती गाडी नवी आहे.

पाना : कोरी करकरीत. तिच्याखाली काय ओतणार तुम्ही?

काकू : मग आता सांगावंच लागेल.

पाना : हो. मी निघतो.

काकू : तू कुठे निघालास? मी एकटीने काही सांगितलं की ते चपला घालून बाहेर पडतात. तुझ्यादेखत नाही उठायचे. बस तिथे.

पाना : म्हणजे मला पाचर म्हणून मारताय.

काकू : हो. आले बघ.

सर : मिळालं. सगळ्यात खालच्या खणात होतं. घे, आणि चिमटीत धर, सांडू नकोस.

काकू : अहो, वॉशर राहू द्या. तेल मी ओतते.

सर : कुठलं तेल?

काकू : जमिनीवरचं. रोज सकाळी. त्या डब्यातलं.

सर : कशाला?

काकू : तुम्ही गाडी काढू नये म्हणून.

सर : पाना, ही काय बोलतेय?

पाना : इंजिन कोरडं आहे, सर. बरेच दिवस झाले.

काकू : पहिल्यांदा खरंच गळलं होतं. याने ते वरचं पॅकिंग बदललं आणि दुसऱ्या दिवशी जमीन कोरडी. तुम्ही लगेच किल्ली हातात घेतलीत. म्हणून मग मी ओतायला लागले.

सर : माझ्या गाडीची बदनामी केलीस.

काकू : केली.

सर : याला गाडीखाली लोळवलंस.

काकू : त्याची मी माफी मागितली. तुमचीही मागते. पण पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा ओतेन.

सर : आणि ओतून ओतून बरोबर चेंबरखाली ओतलंस. हे कोणी शिकवलं तुला?

पाना : सर, डाग चेंबरखाली नाही.

सर : समोर दिसतोय.

पाना : गाडी मी काल मागे ढकलली. डाग नंबरप्लेटखाली आहे.

सर : काहीतरीच बोलू नकोस.

काकू : वाका खाली. असं सरळ बघू नका. मान पूर्ण डावीकडे वळवा. आणखी. आता बघा.

सर : हं.

काकू : वर काय आहे?

सर : नंबरप्लेट.

पाना : सर, पाणी आणू का?

सर : नको. ती सायकल कुठून आली होती म्हणालीस?

काकू : डावीकडून.

सर : खरंच होती?

काकू : बाई होती. मागे पोर होतं.

सर : मला वाटलं, तू उगाच ओरडलीस.

काकू : माहीत आहे.

सर : मला ती दिसलीच नाही गं. दोन दिवस मी गप्प होतो ना, ते मनात हेच घेऊन की हिचा माझ्यावर भरवसा राहिला नाही.

काकू : भरवसा आहे. डावी बाजू सोडून.

सर : पोर केवढं होतं?

काकू : आपल्या नातीएवढं.

पाना : मी जरा चहाचं बघून येतो.

काकू : चहा केव्हाच आटून गेला. तू बस.

सर : शेजाऱ्यांना कळवून टाकतो, गाडी नको म्हणून. पण मग नातीला कोण आणणार? लेकीला काय सांगू मी?

पाना : काकू आणतील की.

सर : ही?

पाना : सर, मी गाडी कोणाकडे शिकलो?

सर : माझ्याकडे. आणखी कोणाकडे?

पाना : तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता. तुम्ही ओट्यावर बसून शिट्टी वाजवत होतात. गाडीत शेजारी काकू असायच्या. आमची अख्खी बॅच काकूंची.

सर : ती बॅच सगळी पास झाली होती.

पाना : हो. तुमच्याकडे पडायचे दोन-चार.

सर : परीक्षा घेणारा माणूस बदलला होता तेव्हा.

पाना : असेल.

सर : मग तू सोडलंस का गं चालवायचं? लायसन्स तर दर वेळी नवं करून घेतेस.

काकू : तुमचा पाय बरा झाला. मग तुम्ही शेजारी बसायला लागलात. शिकवायची गाडी, तुमच्या पायाशीही ब्रेक. रस्ता रिकामा असला तरी तुम्ही दाबायचात. गाडी गचकन थांबायची, आणि लोक म्हणायचे, बाईला गाडी येत नाही. कंटाळले मी.

सर : कधी बोलली नाहीस.

काकू : तुमच्या नियमांत ते बसत नव्हतं.

सर : उद्या डॉक्टरकडे जाऊ. तू ने मला.

काकू : नेते.

सर : आणि सोमवारी मीही येणार शाळेपाशी. तिला मी सांगितलंय, आजोबा येतील म्हणून.

काकू : या ना. पण पुढे बसायचं नाही. पुढे ब्रेक आहे.

सर : म्हणजे मागे?

काकू : मागे, तिच्याशेजारी. घरी येईपर्यंत ती बडबडते, ते ऐका.

सर : बरं. किल्ली घे. एक चक्कर मारून आण आत्ता. सवय मोडली असेल तुझी.

पाना : खाली तेल आहे, सर. नियम?

सर : ते इंजिनाचं नाही.

काकू : तुम्हीही चला चक्कर मारायला. मागे बसायची सवय करायला हवी ना.

सर : या गाडीत मी मागे कधी बसलोच नाही.

पाना : मग आधीच सांगून ठेवतो. मागचं दार आतून उघडत नाही.

सर : मुलं तक्रार करायची. मला वाटायचं, त्यांनाच उघडता येत नाही.

पाना : नाही सर. कधीच उघडलेलं नाही. उद्या करून टाकतो.

सर : मग आत्ता मी उतरणार कसा?

काकू : बसा तुम्ही. मी येऊन बाहेरून उघडते.