तुमच्याविना करमत नाही

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या. धाकटीचा छोटासा व्यायामवर्ग होता.

"गैरहजर लोकांना निरोप धाडायचं काम मी एआयवर सोपवलं, ताई."

"मग?"

"एका काकांना त्यानं माझ्या नावानं लिहिलं, ‘तुमच्याविना करमत नाही.’"

"अगं बाई!"

"काकूंनी वाचलं. तडक वर्गात येऊन उभ्या राहिल्या."

"भांडल्या?"

"भांडणारच होत्या. मी फोन दाखवला. तोच निरोप चौदा जणांना गेला होता. हसून हसून खालीच बसल्या."

मास्तरांनी गालावरचा हात काढून मध्येच विचारलं,

"आता निरोप कोण लिहितं?"

"काकूच. ‘उद्या आला नाहीत, तर मी घरी येईन.’"

"येतात का लोक?"

"सगळे! सगळ्यांच्या आधी काका."