स्पीकर इंचभर हलणार नाही!

...अन् वरतून माही बायको शामला मलेच म्हणते, ‘थोडेसे सरकवा न!’ थोडेसे? हे काय वरणाचं गंज आहे का, गॅसवरून उचललं अन् बाजूले ठेवलं? कमरेएवढे उंच स्पीकर आहेत माहे, फ्लोअर-स्टँडिंग, जोडी! भिंतीपासून पुढं, एकमेकांपासून बरोबर दूर, दोघायचे तोंडं जराशे आत, अन् तिसऱ्या टोकाले माही खुर्ची. हा त्रिकोण जमला, का गाणारा मधातल्या रिकाम्या जागेत येऊन बसते. खरंच बसते! अन् वीतभर इकडचं तिकडं झालं, का थोच गाणारा किचनमधी जाऊन गाते. म्हणून सांगून टाकलं... स्पीकर इंचभर हलणार नाही!

तुम्हाले सांगतो, जिंदगी गेली माही पॉवर हाऊसात, टर्बाइनच्या बाजूले. घरी आलो तरी कानात घुंईऽऽऽ! रिटायर झालो तवा एकच इच्छा होती, का एक डाव तंबोरा ऐकावा. साफ. चारी तारा अलग अलग. काही जास्त मागून राहिलो का मी? सांगा न!

पण ऐकू देते कोण? आमच्या शामलाबाईनं एका स्पीकरवर मनीप्लांट ठेवला. ॲम्प्लिफायरवर काय, तर भिवापुरी मिरच्या! म्हटलं, हे काय वं? तर म्हणे, ‘गरम राहते न, लवकर वाळतात.’ तुम्ही मिरच्यायच्या वासात कधी भैरवी ऐकली आहे का? मी ऐकली. शिंका देत देत. पण हललो नाही!

अन् मंग आल्या महालक्ष्म्या. आमच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा कुठं बसतात? हॉलमधी. अन् हॉलमधी कुठं? बरोबर जिथं माहे स्पीकर! तिच्या सासूबाईच्या, म्हणजे माह्या मायच्या वेळपासून थेच ठरलेलं. ‘अवो, स्टँड लावाचे आहेत, सरकवा.’ म्हटलं, नाही. ‘अवो, देवाचं काम आहे.’ म्हटलं, सूर बी देवच आहे. इंचभर हलणार नाही!

शामलानं माह्याकडं पाह्यलं. भांडली नाही... तवाच मले घाम फुटाले पाह्यजे होता! ‘नका हलवू,’ म्हणे. अन् थे लोखंडी स्टँड दिले गॅलरीत टाकून, अन् माह्या स्पीकरायले... साड्या नेसवल्या! जरीच्या! निऱ्या, पदर, कंबरपट्टा, वरतून मुखवटे! अन् उंची? नेमकी! वरतून म्हणते, ‘स्टँड डगमगत होते बाप्पा. हे कसे भक्कम आहेत!’

पण मी काय चूप बसणार? आरतीले सुभद्रा आत्या खाप्याहून आलेली, जिच्यासमोर आमच्या खानदानात कोणी ढेकर बी देत नाही. म्हटलं, दाखवतोच आता, हे काय चीज आहे. मोबाईलवरून हळूच तंबोरा लावला. अन् काय सांगू... पह्यला खर्ज आला न, साडीतून बी, भिंतीच गायब! कानातली घुंई थांबली. माह्या डोळ्यात पाणी आलं हो, खोटं नाही सांगत...

अन् त्या खर्जानं निऱ्या थरथरल्या. नथा हालल्या. आत्यानं ताट शामलाच्या हातात कोंबलं अन् माह्याकडं पाहून बोंबलली, ‘हालल्या! हालल्या गा चंपत! मायबाई पावल्या!’ म्हटलं, आत्या, थो स्पीकरचा बास आहे... ‘चूप! लोटांगण घाल!’ घातलं. इकडं घंटा, तिकडं टाळ्या, सारी गल्ली घरात. तंबोरा कोणाले ऐकू येते?

विसर्जन झालं. मुखवटे उतरले, साड्या निघाल्या. मी खुर्ची झटकून त्रिकोणाच्या टोकाले बसलो, का आत्या समोर! ‘ज्याच्यावर देवी हालल्या, त्याच्यावर तू गाणे वाजवशीन? थे आसन झालं गा आता! गुंडाळून सज्ज्यावर, छताखालच्या माळ्यावर ठेव, पुढच्या वर्षी काढजो.’

म्हटलं, आत्या, माहे स्पीकर इंचभर...

‘काय म्हटलं?’

‘काही नाही, आत्या. लाल कपडा घेऊ का पिवळा?’

आता रोज खुर्चीत बसतो अन् वरतं पाह्यतो. फ्लोअर-स्टँडिंग म्हणे! सज्ज्यावर आडवे पडून आहेत, डब्यायच्या अन् पाटायच्या मधात. पण एक सांगतो तुम्हाले, ताठ मानेनं सांगतो... तवापासून इंचभर हलले नाहीत!